हरिण, गरुड आणि दोन धातू

हरणाला मारायचं एकदा ठरलं, की गोळी शिशाची असावी की तांब्याची, याला नैतिक प्रश्न म्हणता येईल का? पुण्यातल्या मित्रांना हे विचारलं तर ते हसतात. "मारतोच आहात ना? मग धातूचं काय घेऊन बसलात?" इथे मिनेसोटात शिकार करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं, तर तेही प्रश्न झटकून टाकतात. त्यांच्या मते हा तांत्रिक मुद्दा आहे. ज्या गोळीने हरिण जागच्या जागी पडतं ती गोळी चांगली. या दोन गटांचं एरवी एकमेकांशी कशावरही जमणार नाही. पण गोळीच्या धातूचा नीतीशी संबंध नाही, यावर दोघांचं एकमत आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते इथे नीट मांडून बघतो.

मी स्वतः शिकार करत नाही. हा प्रश्न माझ्याकडे आला तो फ्रीजरमधून. माझ्या टीममधला एक सीनिअर सहकारी दर नोव्हेंबरला राज्याच्या उत्तर भागात हरणाच्या शिकारीला जातो आणि परत आला की आम्हाला दोन-तीन पाकिटं खिमा देतो. तीन वर्षं आम्ही तो आवडीने खाल्ला. आले-लसूण आणि गरम मसाला घातला की त्याचा रानटी वास छान मुरतो. या वर्षी घरात अकरा महिन्यांची मुलगी आहे, आणि ती आमच्या ताटातलं खायला लागली आहे. त्यामुळे हरिण कोणत्या गोळीने मारलं, हे विचारणं मला भाग पडलं. उत्तर 'शिशाच्या' असं आलं. त्यावर आमची जी चर्चा सुरू झाली, ती अजून पूर्ण संपलेली नाही.

आधी गोळीचं काम समजून घेऊ. जिला शिशाची गोळी म्हणतात ती बाहेरून तांबूसच दिसते, कारण शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ आवरण असतं. ती सेकंदाला आठ-नऊशे मीटर वेगाने रायफलमधून सुटते. प्राण्याच्या अंगात शिरल्यावर शिसं मऊ असल्यामुळे तिचं टोक चेपतं आणि अळंबीच्या छत्रीसारखं पसरतं. त्यामुळे जखम रुंद होते आणि हरिण लवकर मरतं. हे करताना गोळीचा काही भाग फुटून विखुरतो. काही कण डोळ्यांना दिसतात, बरेचसे दिसत नाहीत, आणि ते जखमेपासून बरेच लांब जाऊन बसतात. पूर्ण तांब्याची गोळीही पसरते, पण वेगळ्या रीतीने. तिच्या टोकाला पोकळी असते. आत शिरल्यावर ती तीन-चार पाकळ्यांसारखी उमलते आणि जवळजवळ सगळं वजन स्वतःजवळ राखून पलीकडे निघून जाते. अशा गोळ्या 1980च्या दशकापासून बाजारात आहेत, म्हणजे हे तंत्रज्ञान काही नवीन नाही.

आता हरिण पडल्यावर काय होतं ते बघू. मांस लवकर थंड व्हावं म्हणून शिकारी तिथेच त्याचं पोट फाडतो आणि आतडी, फुप्फुसं, सगळा कोथळा बाहेर काढून जंगलात सोडून देतो. इथे त्याला 'गट पाइल' म्हणतात. माझा सहकारी म्हणतो, की जंगलातून घेतलं त्यातलं थोडं जंगलाला परत दिलं. ही भावना खोटी नाही. बर्फ पडायला लागलेलं असताना त्या ढिगावर कावळे, कोल्हे, कायोटी आणि बाल्ड ईगल जेवतात. अडचण अशी, की गोळी ज्या छातीतून गेलेली असते तिथलेच अवयव त्या ढिगात असतात. शिशाच्या गोळ्यांनी मारलेल्या हरणांचे असे 20 ढीग अभ्यासकांनी एक्स-रेखाली तपासले. 18 ढिगांमध्ये शिशाचे तुकडे सापडले, आणि त्यातल्या बऱ्याच ढिगांमध्ये शंभराहून जास्त.

पक्ष्याच्या जठरातल्या तीव्र आम्लात शिसं विरघळतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून मज्जातंतूंत आणि हाडांत जागा देतं. पंख गळतात, उभं राहता येत नाही, अन्न पचायचं थांबतं, आणि पोट भरलेलं असतानाही पक्षी उपासमारीने मरू शकतो. तांदळाच्या दाण्याएवढं शिसंही एका गरुडाला पुरतं. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेच्या 38 राज्यांतले 1,210 बाल्ड आणि गोल्डन ईगल तपासले होते. जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या हाडांमध्ये दीर्घकाळ शिसं साठत गेल्याच्या खुणा होत्या.

हे सगळं मी सहकाऱ्याला सांगितलं. त्यावर त्याने जे उत्तर दिलं, ते मी ऐकलेलं सर्वांत चांगलं उत्तर आहे, म्हणून ते पूर्ण ताकदीने मांडतो.

तो म्हणाला, "1963 साली अलास्का-हवाई सोडून अख्ख्या अमेरिकेत बाल्ड ईगलच्या 417 जोड्या घरटी करत होत्या. 2019 साली 71,400. ही वाढ होत होती तेव्हा आम्ही शिशाच्याच गोळ्या मारत होतो. आणि ज्या अधिवासांत हे पक्षी वाढले, त्यांतल्या कितीतरी जागांसाठी पैसा आम्ही दिला आहे. 1937च्या कायद्यापासून रायफलवर आणि काडतुसांवर 11 टक्के कर आहे, आणि तो वन्यजीवांसाठीच वापरला जातो. काही गरुड शिशाने मरत असतील, पण गरुड ही जात मजेत आहे."

यातला एकही आकडा चुकीचा नाही. 2022च्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच आहे, की शिशामुळे बाल्ड ईगलच्या संख्येची वाढ थोडी मंदावते. ती थांबत नाही. मग मी गप्प बसायला हवं होतं का?

मला खटकलं ते वेगळंच. हाच माणूस हरणाबद्दल बोलतो तेव्हा जातीबद्दल बोलत नाही. तो एका हरणाबद्दल बोलतो. त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं, की नेम पक्का नसेल तर चाप ओढायचा नाही. एका वर्षी त्याने जखमी केलेलं हरिण संध्याकाळी निसटलं. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस त्याचा माग काढत तो बर्फात फिरला. त्या एका हरणामुळे मिनेसोटातल्या हरणांच्या संख्येत काय फरक पडणार होता? काहीच नाही. तरी तो फिरला, कारण त्याच्या मते आपण ज्याला मारतो त्याच्या वेदनेचा हिशेब एकेकाच्या नावाने द्यायचा असतो. शिकाऱ्याची नीती म्हणतात ती हीच, आणि मला ती मनापासून आदराची वाटते.

मग गरुडापाशी येताच हिशेबाचं माप का बदलतं? हरणासाठी एकेक जीव मोजायचा आणि गरुडासाठी पूर्ण जात मोजायची, असं दोन मापांनी मोजण्याला काहीतरी कारण हवं. मला सापडलेलं एकमेव कारण असं, की हरिण त्याच्या डोळ्यांसमोर मरतं आणि गरुड तीन आठवड्यांनी कुठल्यातरी तळ्याकाठी. पण आपण पाहिलं की नाही, यावर वेदनेचं वजन कसं ठरेल?

खरं तर हा आरोप उलट्या दिशेनेही लागू होतो, आणि ते सांगितलं नाही तर मी लबाडी केल्यासारखं होईल. इथे शहरात गरुडावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. तळमळणाऱ्या एका गरुडाचा व्हिडिओ बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. हेच लोक हरणांबद्दल मात्र 'संख्या नियंत्रणात ठेवायला हवी' अशा भाषेत बोलतात. त्यांचंही माप दोन टोकांना दोन प्रकारचं आहे, फक्त उलटं. हरणाची वेदना मोजणारा शिकारी या बाबतीत त्यांच्याहून एक पाऊल पुढे आहे. त्याला फक्त आपलंच माप आणखी एका प्राण्याला लावायचं आहे.

आता पुण्याच्या मित्रांकडे वळतो. 'मारतोच आहात तर धातूचं काय' या वाक्यात मोठी गोम आहे. ते ऐकायला कडक वाटतं, पण त्यातून शिकाऱ्याला पूर्ण मोकळीक मिळते. एक कृत्य तुमच्या मते चुकीचं असेल, तर त्या कृत्याच्या आत बरं-वाईट असं काही उरत नाही, असा त्याचा अर्थ होतो. रोजच्या आयुष्यात आपण असं कधी मानत नाही. मी मांस खातो म्हणून कोंबडीला दिवसभर उलटं टांगून ठेवायची मुभा मला मिळत नाही. आपल्याकडच्या जैन विचारात गृहस्थाच्या हिंसेचे प्रकार वेगळे केले आहेत: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, पोटापाण्याच्या कामात होणारी उद्योगी, आणि बचावासाठी केलेली विरोधी. जैन दृष्टीने शिकार संकल्पीत बसते, म्हणजे गृहस्थालाही वर्ज्य. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की हिंसेबद्दल सर्वांत कडक असलेल्या परंपरेलाही 'हिंसा ती हिंसा' म्हणून थांबता आलं नाही. तिला आत जाऊन फरक करावे लागले.

या वर्गीकरणात गरुडाचा मृत्यू कुठे बसेल? शिकाऱ्याने तो ठरवलेला नसतो. युरोपच्या तत्त्वज्ञानात याच्या जवळची एक मांडणी तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने केली, स्वसंरक्षणाबद्दल लिहिताना: एका कृत्याचे दोन परिणाम असू शकतात, एक आपल्याला हवा असलेला आणि दुसरा हेतूबाहेरचा. पुढच्या विचारवंतांनी त्याला अटी जोडल्या. हेतूबाहेरचं नुकसान क्षम्य ठरायचं असेल तर ते मिळणाऱ्या फायद्याच्या प्रमाणात हवं, आणि ते टाळता येत असेल तर टाळलेलं हवं. माझ्या धंद्यातही 'साइड इफेक्ट' हा शब्द रोज येतो. फंक्शन सांगितलेलं काम चोख करतं आणि जाता जाता भलतीकडचं काहीतरी बदलून ठेवतं. ते लक्षात आलं नव्हतं तोवर तो बग असतो. लक्षात आल्यावर, दुरुस्ती हाताशी असताना, तसंच ठेवलं तर तो निर्णय असतो.

हे उदाहरण फार कोरडं वाटत असेल, तर आपल्या गिधाडांचं घ्या. 1990च्या दशकात भारतात म्हाताऱ्या, लंगडणाऱ्या जनावरांना डायक्लोफेनॅक देऊ लागले. देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात कणव होती. बैलाचं दुखणं कमी व्हावं एवढंच त्याला हवं होतं. ते जनावर मेलं की गिधाडं ते खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीचं गिधाड 99 टक्क्यांहून जास्त नाहीसं झालं. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला अंत्यसंस्काराच्या शतकानुशतकांच्या रीतीचा नव्याने विचार करावा लागला. कारण कोणालाच कळत नव्हतं. 2004 साली 'नेचर'मध्ये ते कळलं. जनावरांसाठी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध उपलब्ध होतं. 2006 साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली.

2004च्या आधीच्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. कारण माहीत झाल्यानंतर, पर्याय दुकानात असताना, जो जुनंच औषध विकत राहिला त्याला देईन. दोघांनी टोचलेलं इंजेक्शन सारखंच होतं, दोघांचा हेतूही कदाचित सारखाच असेल. फरक माहितीचा आणि पर्यायाचा आहे. शिशाच्या गोळीच्या बाबतीत आज दोन्ही आहेत.

पण पर्याय खरंच पर्याय आहे का? इथे शिकाऱ्यांचे आक्षेप पोकळ नाहीत. तांबं शिशापेक्षा हलकं. एका घनसेंटिमीटरला शिसं 11.3 ग्रॅम भरतं, तांबं साधारण 9. म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि काही जुन्या रायफलींच्या नळीत ती नीट स्थिर फिरत नाही. काही जुन्या मापांसाठी तांब्याची काडतुसं सहजी मिळत नाहीत. ती महागही असतात. आणि सर्वांत गंभीर आक्षेप हा: तांबं कडक असल्यामुळे उमलायला त्याला वेग लागतो. फार लांबून मारलेली गोळी वेग गमावून बसते. ती न उमलता आरपार गेली, तर हरिण बारीक भोक घेऊन पळतं आणि तासन् तास मरत राहतं. म्हणजे गरुडाला वाचवण्यासाठी हरणाला जास्त वेदना, असा हा सौदा होऊ शकतो.

डेन्मार्कमध्ये शिकाऱ्यांनी मारलेल्या शेकडो हरणांच्या नोंदींवरून, गोळी लागल्यावर ती किती अंतर पळाली याची तुलना झाली. नेहमीच्या अंतरावर दोन धातूंमध्ये शिकारीच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक दिसला नाही. डेन्मार्कने एप्रिल 2024 पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी घातली आहे. तरीही वेगाचा आक्षेप भौतिकशास्त्राचा आहे, तो आकडेवारीने नाहीसा होत नाही. तांब्याची गोळी वापरणाऱ्याला काही नेम सोडून द्यावे लागतात. साडेतीनशे यार्डांवर उभं असलेलं मोठ्या शिंगांचं हरिण बघून बोट चापावरून काढावं लागतं.

मला वाटतं, खरा नैतिक पेच इथेच आहे. शिसं शिकाऱ्याच्या बाबतीत उदार आहे. वेग कमी असला तरी ते पसरतं, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी सांभाळून घेतं, खिशालाही परवडतं. पण ही उदारता फुकट नाही, आणि तिची किंमत शिकारी देत नाही. ती ढिगावर बसलेला पक्षी देतो, किंवा ज्याच्या ताटात खिमा पडतो तो. तांबं ती किंमत उचलून पुन्हा शिकाऱ्याकडे आणून ठेवतं: थोडे जास्त पैसे दे, रेंजवर जाऊन नव्याने नेम बसव, लांबचं हरिण सोड.

ताटाचा उल्लेख केला, तर तेही सांगतो. 2008 साली शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात एका डॉक्टरने गरिबांसाठीच्या अन्नकेंद्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्याची सुमारे शंभर पाकिटं तपासली. पुष्कळ पाकिटांत धातूचे कण होते, आणि राज्याने केंद्रांना तो खिमा टाकून द्यायला सांगितलं. त्या वर्षी तिथल्या 700हून जास्त लोकांचं रक्त तपासलं गेलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं जास्त होतं. फरक लहान होता आणि प्रौढांसाठी घाबरण्यासारखा नव्हता. माझा सहकारी म्हणतो, त्याच्या आजोबांनी आयुष्यभर हेच खाल्लं आणि ते नव्वदीपर्यंत जगले. त्याच्या स्वतःच्या ताटाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं इथली सरकारी आरोग्य यंत्रणा सांगते. अन्नकेंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला गोळीचा धातू निवडता येत नाही. माझ्या मुलीलाही येत नाही. स्वतः पत्करलेली जोखीम आणि पाहुण्याला वाढलेली जोखीम, या दोन गोष्टी एकाच पातेल्यातून आल्या तरी वेगळ्या आहेत.

मग कायदाच का करू नये? कॅलिफोर्नियाने केला. तिथे काँडोर हे अवाढव्य गिधाड 1982 साली जगात फक्त 22 उरलं होतं. 1987 साली शेवटचा मोकळा पक्षीही पकडून पिंजऱ्यात वाढवावा लागला. 1992 पासून पुन्हा सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण शिसंच ठरलं. तिथे 'जात मजेत आहे' असं म्हणायची सोयच नव्हती. 2013च्या कायद्यानुसार 1 जुलै 2019 पासून राज्यभर शिकारीसाठी शिसं बंद झालं. शेजारच्या ॲरिझोनाने वेगळी वाट धरली. 2005 पासून काँडोरच्या भागात शिकारीला येणाऱ्यांना त्यांनी तांब्याची काडतुसं फुकट दिली आणि विनंती केली. तिथले बहुसंख्य शिकारी स्वखुशीने सामील होतात. केंद्र सरकारच्या अभयारण्यांत मात्र शिसं हटवण्याचा आदेश 19 जानेवारी 2017 रोजी, सत्ताबदलाच्या आदल्या दिवशी निघाला, आणि नव्या मंत्र्यांनी 2 मार्चला, कामाच्या पहिल्याच दिवशी तो रद्द केला. गरुडाच्या पोटातलं शिसं या सहा आठवड्यांत राजकीय पक्षांचं झालं.

काँडोरसारख्या टोकाच्या परिस्थितीत कायदा हवाच असं मला वाटतं. पण मिनेसोटात मला ॲरिझोनाची वाट जास्त पटते, आणि ती केवळ सोय म्हणून नाही. आल्डो लिओपोल्ड या शेजारच्या विस्कॉन्सिनच्या निसर्गअभ्यासकाने शिकाऱ्याबद्दल एक गोष्ट नोंदवली होती: त्याला शाबासकी द्यायला किंवा हूट करायला प्रेक्षक नसतात, तो जे करतो ते स्वतःच्या सद्सद्विवेकाच्या देखरेखीखाली. पहाटे साडेसहाला, उणे दहा तापमानात, झाडावरच्या मचाणावर कोणी काडतूस तपासायला येत नाही. तिथे जे टिकायचं ते पटलेलं असावं लागतं.

या ऑक्टोबरमध्ये मी सहकाऱ्याला सांगितलं, की शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचा खिमा आम्ही आता घेणार नाही, आणि त्याचं कारण फक्त मुलगी नाही, गट पाइलही आहे. तांब्याच्या काडतुसांचा खर्च मी देईन, असंही म्हणालो. पैसे त्याने नाकारले. तो म्हणाला, "एक खोकं आणतो आणि रेंजवर मारून बघतो. माझ्या रायफलीतून ती एका जागी लागली नाहीत, तर मी ती हरणावर वापरणार नाही. मग तुला खिमा नाही, आणि तुझ्या गरुडाचं माझ्याकडे उत्तर नाही."

या अटीवर मला वाद घालता आला नाही. नेम न बसलेली गोळी हरणावर चालवायची नाही, हे त्याच्या नीतीतलं मूळ कलम आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या कलमावरच उभा आहे. तेच जर त्याला मोडायला लावलं, तर गरुडासाठी मागायला माझ्याकडे काही उरत नाही. हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी सुरू होतो. तोवर त्याच्याकडे रेंजवर घालवायला दोन रविवार आहेत.